शेवट बिघडला म्हणून सगळंच फुकट गेलं का?

"आवडत्या मालिकेचा शेवट पटला नाही, तर इतकी चिडचिड होणं नॉर्मल आहे का?" मी समुपदेशक आहे, आणि हल्ली हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. कधी चाहता स्वतः विचारतो, कधी वैतागलेली बायको, कधी आई. घरचे म्हणतात, "खोटंच तर असतं सगळं!" हे वाक्य मला अजिबात पटत नाही. वर्षानुवर्षं ज्या पात्रांच्या काळजीत आपण रात्री जागवल्या, त्यांच्यावरची माया खरीच असते.

एक तरुण जोडपं आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तक्रार बायकोची होती. "मॅडम, ह्याच्याबरोबर काही बघायची सोयच राहिली नाही. पहिल्या भागापासून चुका काढत बसतो. नाहीतर म्हणतो, सगळे सीझन येऊ देत, शेवट चांगला आहे असं कळलं की मग बघू."

नवऱ्याचं मूळ दुखणं 'गेम ऑफ थ्रोन्स' या राजेरजवाड्यांच्या, लढायांच्या इंग्रजी मालिकेचं होतं. २०११ ते २०१९, आठ सीझन, ७३ भाग. आपल्याकडे शेवटच्या सीझनचा नवा भाग हॉटस्टारवर सोमवारी सकाळी साडेसहाला यायचा. ऑफिसात कुणी कथा फोडायच्या आत बघून व्हावं म्हणून हा त्याआधीच उठून चहा करून बसायचा. त्या सीझनचे भाग सहाच, आणि कथा घाईघाईत गुंडाळलेली. 'सीझन नव्याने बनवा' अशा ऑनलाइन अर्जावर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या, त्यात हाही होता. पुढे '१८९९' ही गूढमालिका नेटफ्लिक्सने एकाच सीझननंतर, जानेवारी २०२३ मध्ये बंद केली. तेव्हापासून त्याने नवं काही सुरू करणंच सोडलं.

"माझी इतकी वर्षं फुकट गेली," तो म्हणाला. माझं लक्ष याच वाक्याकडे होतं. त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या आपल्या निष्कर्षातून जास्त होतो, या विचारावर माझं सगळं काम उभं आहे.

मी त्याच्याशी वाद घातला नाही. म्हटलं, "तुमचा आवडता प्रसंग सांगा. मी मालिका पाहिलेली नाही असं समजून सांगा."

तो सांगू लागला. लढाईची आदली रात्र. उद्या आपण बहुतेक मरणार हे ओळखून काही जण शेकत बसलेत. त्यातली ब्रिएन लढवय्यी, पण बाई, म्हणून तिला 'नाइट', म्हणजे मानाची पदवी मिळालेला योद्धा, होता येत नाही. तिथलाच एक नाइट, जेमी म्हणतो, ही पदवी द्यायला राजा कशाला हवा? कुठलाही नाइट दुसऱ्याला नाइट करू शकतो. ती संकोचत गुडघ्यावर बसते. उठते तेव्हा डोळे भरलेले आणि चेहऱ्यावर कधी न दिसलेलं हसू. सांगताना याचाही आवाज जड झाला होता.

"हा कुठल्या सीझनमधला प्रसंग?"

तो थांबला. "आठव्या."

"म्हणजे फुकट गेलेल्या?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बायको म्हणाली, "त्या सकाळी मला झोपेतून उठवून तू हा सीन दाखवला होतास." समुपदेशनात अशी शांतता मी कधीच मोडत नाही. माणूस तेव्हा स्वतःचा निष्कर्ष स्वतःच तपासत असतो, आणि माझ्या दहा वाक्यांपेक्षा ते जास्त टिकतं.

शेवट नावडणं रास्त आहे. कथेने स्वतःचेच नियम मोडले तर जाणत्या प्रेक्षकाला राग येणारच. तो दाबू नका. चाहत्यांच्या आग्रहातून चांगलंही घडतं: 'स्टार ट्रेक' ही अंतराळातली अमेरिकन मालिका बंद पडू नये म्हणून १९६० च्या दशकात प्रेक्षकांनी वाहिनीकडे पत्रांचा ढीग पाठवला आणि तिसरा सीझन आला. चूक पुढच्या उडीत आहे: शेवट वाईट, म्हणून सगळंच वाईट. हीच उडी माणसं मोडलेल्या नात्यांबद्दल आणि सोडलेल्या नोकऱ्यांबद्दलही मारतात.

म्हणून भाग संपताच फोन उघडून इतरांचा संताप वाचू नका. आधी आपल्याला काय वाटलं ते ठरू द्या. शेजारी कुणी बघत असेल तर चुका भाग संपल्यावर सांगा, आणि त्याआधी आवडलेली एक तरी गोष्ट. घरच्यांनी "खोटं असतं" म्हणण्याऐवजी "तुला कोण आवडायचं?" एवढं विचारावं. मात्र झोप, जेवण, काम आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल तर कारण बहुधा मालिकेपलीकडचं असतं; तेव्हा मदत घ्यायला उशीर करू नका.

हे दोघं आता एक मालिका बघतायत, अजून न संपलेली. "आठव्या सीझनचा शेवट मला आजही मान्य नाही हं, मॅडम," तो निघताना म्हणाला. मी म्हटलं, "तो मान्य करायला मी सांगितलंच नव्हतं."