वाचकांचे प्रश्न : रिकामा डबा कपाटात कशासाठी?

प्रश्न : सोव्हिएत संघातील अनेक घरांत परदेशी बिअरचे रिकामे डबे काचेच्या कपाटात शोभेसाठी मांडलेले असत, असे वाचनात आले. टंचाईच्या काळात भरलेल्या डब्याचे अप्रूप समजू शकते, पण रिकाम्या डब्याचे काय? तो राजवटीविरुद्धचा मूक निषेध समजावा का?

उत्तर : निषेध हा शब्द येथे फार मोठा ठरेल. असे डबे मांडणारे बहुतेक जण नेमाने कामावर जाणारे, मे दिनाच्या मिरवणुकीत चालणारे आणि कोम्सोमोल या युवक संघटनेची वर्गणी भरणारे सामान्य नागरिक होते, आणि या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असे त्यांना वाटत नसे. टंचाईचे कारणही अपुरेच पडते, कारण टंचाई टॉयलेट पेपरचीही होती आणि तो कोणी कपाटात मांडला नाही. डब्याचे मोल होते ते तो जिथून आला त्या जगाचे. परवानगीशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नसल्यामुळे ते जग बहुतेकांना केवळ रेडिओवरून, चित्रांतून आणि अशा वस्तूंतूनच भेटत असे. त्यामुळे आतली बिअर संपली तरी डब्याचे काम संपत नसे. परदेशी चित्रे छापलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्याही धुऊन, वाळवून, फाटेपर्यंत हातात मिरवल्या जात.

हे मोल वाढवण्यास सरकारनेही हातभार लावला. 1959 च्या उन्हाळ्यात मॉस्कोच्या सोकोल्निकी उद्यानात अमेरिकेचे राष्ट्रीय प्रदर्शन अधिकृतपणे भरले, तिथे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी स्वतः पेप्सीची चव घेतली आणि लाखो लोकांनी अमेरिकी स्वयंपाकघर व मोटारी पाहिल्या. पुढे साठच्या दशकात ‘बेर्योझ्का’ दुकाने निघाली. तिथे परदेशी चलन, किंवा परदेशी काम करून आलेल्यांना मिळणारी खास प्रमाणपत्रे चालत, साधा रूबल मात्र चालत नसे. जिथे सरकारच स्वतःच्या चलनाला दारात उभे करत नव्हते, तिथे आतल्या मालाची प्रतिष्ठा वाढली याचे नवल कसले! पेप्सीची गोष्ट याहून सरळ आहे : 1972 च्या करारानुसार वोडकाच्या बदल्यात ती देशात आली आणि 1974 मध्ये नोव्होरोसीस्क येथे तिचा कारखाना सुरू झाला.

प्रश्न : जीन्सला एवढे महत्त्व का आले, आणि अस्सल जीन्स लोक ओळखत कशी?

उत्तर : जीन्स अंगावर घालून चारचौघांत फिरता येत असे, ही तिची डब्यावरची सरशी. ती आणत परदेशी बंदरांवर जाणारे खलाशी, आणि विकत ‘फार्त्सोव्श्चिक’, म्हणजे पर्यटकांकडून माल मिळवून तो चोरून विकणारे दलाल. 1980 च्या सुमारास काळ्या बाजारात एका जोडीला दीडशे ते दोनशे रूबल पडत, आणि सरासरी मासिक पगारही जवळपास तेवढाच होता. एवढी रक्कम मोजणारा गिऱ्हाईक चिकित्सक असणारच. तो आगकाडी ओली करून कापडावर घासत असे; काडी निळी झाली तर माल खरा. रंग सुटणे हा कापडाचा दोष मानण्याची आपली सवय येथे पुरती उलटी झालेली दिसते. अशा अस्सल मालाला ‘फिर्मा’ म्हणत. मूळ रशियन शब्दाचा अर्थ नुसता व्यापारी कंपनी असा आहे, पण या अर्थी वापरताना आघात शेवटच्या अक्षरावर दिला जाई, आणि तेवढ्याने जाणकाराला सारे कळत असे.

पहिल्या प्रश्नातील रिकाम्या डब्याचा शेवटचा मोठा अवतार 31 जानेवारी 1990 रोजी मॉस्कोच्या पुश्किन चौकात पाहायला मिळाला. त्या दिवशी उघडलेल्या मॅकडोनाल्ड्समध्ये तीस हजारांहून अधिक गिऱ्हाइके आली, आणि त्यांतल्या कित्येकांनी खाणे झाल्यावर पेले आणि खोकी टाकून न देता घरी नेली. दोन-तीन वर्षांतच रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर परदेशी डब्यांच्या राशी लागल्या, आणि कपाटातले जुने डबे एकेक करून कचऱ्यात गेले.