स्पॅनिश काढलं की पोरगा गप्प

मागच्या उन्हाळ्यात कोथरूडहून एक ताई माझ्याकडे सल्ला विचारायला आल्या होत्या, सोबत साडेतीन वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. ताई लग्नाआधी हिंजवडीत स्पॅनिश भाषांतराचं काम करायच्या, स्पॅनिशची डेले बी-२ परीक्षा दिलेली, त्यामुळे मुलाशी घरी स्पॅनिश बोलायचं हे आधीपासूनच ठरलेलं. पण पोरगा "आई, आगुआ दे ना" (आगुआ म्हणजे पाणी) असं मिसळून बोलायला लागला आणि गेला दीड महिना तर ताईंनी स्पॅनिश काढलं की तोंडच बंद. सासूबाई वैतागलेल्या, "आधी मराठी तरी नीट येऊ दे त्याला, प्लेस्कूलात इंग्लिश, घरात हे, डोक्याचा पार भुगा होईल."

ही काळजी घेऊन बरेच जण येतात, भाषा तेवढी बदलते, कधी जर्मन कधी फ्रेंच.

मी आधी विचारलं, मराठीत कसा बोलतो? तर सासूबाईच म्हणाल्या, अहो शेजारच्यांची भांडणं सुद्धा जशीच्या तशी येऊन सांगतो! मग झालं की. मूल बोलण्यात खरंच मागे असेल तर ते सगळ्याच भाषांत मागे दिसतं, आणि तेव्हा आधी कान तपासून घ्यायचे, मग स्पीच थेरपिस्ट, दुसऱ्या भाषेवर खापर फोडत बसायचं नाही. आणि मिसळण्याचं म्हणाल तर जो शब्द पटकन सापडतो तो मुलं वापरतात, आपण नाही का "मीटिंग पोस्टपोन झाली" म्हणत.

मग अडलं कुठे? खोदून विचारल्यावर कळलं की रोज संध्याकाळी फ्लॅशकार्ड, पाहुणे आले की "सांग बाळा, दुधाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात", आणि उरलेला वेळ टॅबवर स्पॅनिश कार्टून. म्हणजे त्याच्या लेखी स्पॅनिश म्हणजे तोंडी परीक्षा. मी पण गप्पच बसले असते.

टॅबचं सांगते. पॅट्रिशिया कुल या अमेरिकन संशोधिकेच्या टीमने 2003 मध्ये अमेरिकेतल्या 9 महिन्यांच्या बाळांना 12 सेशन मँडरिन ऐकवलं, समोर माणूस बसून खेळला तेव्हा बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली, तेच व्हिडिओवर दाखवलं तर काहीच नाही. हा मुलगा मोठा आहे, कार्टूनमधून चार शब्द उचलेलही, पण बोलायला समोर माणूसच लागतो.

तर परीक्षा बंद करायला सांगितल्या. फक्त आंघोळीच्या वेळी ताईंनी स्पॅनिश बोलायचं, तो मराठीत उत्तर देईना का, टोकायचं नाही. तसंही आपल्या मुलांना स्पॅनिश फार परकं नाही, आपला साबण आणि त्यांचा हाबोन एकाच घराण्यातले, त-दचे उच्चार आपल्यासारखेच, आणि "मे गुस्ता ला लेचे" म्हणजे सरळ "मला आवडतं दूध", इंग्लिशसारखं "मी"पासून सुरू करायची भानगड नाही. हे ऐकून सासूबाई जरा सैलावल्या.

अडीच महिन्यांनी ताईंचा फोन. त्या दिवशी आंघोळ आजी घालत होत्या आणि पठ्ठ्या ओरडला, "आजी, मास आगुआ!" म्हणजे अजून पाणी. आजींना वाटलं पोरगं मासे मागतंय, शुद्ध शाकाहारी घर, त्या तांब्या टाकून तशाच बाहेर, "अगं, प्लेस्कूलात काय खायला घालतात गं याला?"