लडाखच्या फोटोंना 'अप्रतिम', ठाण्याच्या फोटोंना शांतता: मग खरं मत मागायचं कुणाकडे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवा कॅमेरा घेतला, लडाखचे फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकले तर 'अप्रतिम', 'कडक', 'एक नंबर'. पुढे तलावपाळीचे आणि ठाणे स्टेशनचे टाकले तर दोन अंगठे, बस. आता फोटोंवर खरं मत कसं मिळवायचं, आणि दुसऱ्यांच्या फोटोंवर आपण काय बोलायचं?

मी नेरूळला राहतो, नोकरी सांभाळून फोटो काढतो. ठाणे आणि नवी मुंबईतली आम्ही पाच-सहा हौशी मंडळी बरीच वर्षं एकमेकांच्या फोटोंची चिरफाड करत आलो आहोत. त्या जोरावर सांगतो, लडाखच्या फोटोंना मिळालेली दाद बहुतेक करून लडाखची आहे. पँगाँग चार हजार मीटरहून जास्त उंचीवर आहे. हवा विरळ, आकाश गडद, पाणी निळं, डोंगर उघडेबोडके. तिथे कुणीही बटण दाबलं तरी काहीतरी देखणं हाती लागतं. बघणाऱ्याला तिथे जायची इच्छा होते आणि त्या भरात तो 'वाह' लिहून मोकळा होतो. त्यात तुमचं किती आणि पँगाँगचं किती, हे त्याला सांगताच येत नाही.

तलावपाळीचं उलट. मासुंदा तलाव, मधलं महादेवाचं देऊळ, काठावरचं गडकरी रंगायतन, होड्या, संध्याकाळची भेळ खाणारी गर्दी, हे ठाणेकराला तोंडपाठ आहे. त्याच्यासमोर ही जागा ठेवली की तिची जादू आपोआप वजा होते. उरतं ते फक्त तुम्ही काय केलंत: कुठे उभे राहिलात, कधी थांबलात, काय बाहेर ठेवलंत. म्हणून मत हवं असेल तर सगळ्यांनी पाहिलेल्या जागेचेच फोटो दाखवा. प्रवासाचे दाखवायचे असतील तर जागेचं नाव आणि तिथे पोचायला किती हाल झाले ती कथा, दोन्ही शेवटी सांगा. पहाटे चारला उठलात याचे गुण फोटोला मिळत नाहीत.

याचा उत्तम वर्ग म्हणजे पाडव्याची स्वागतयात्रा. कौपिनेश्वर मंदिराच्या परिसरात त्या सकाळी माणसांपेक्षा कॅमेरेच जास्त आहेत की काय असं वाटतं. नऊवारी, नथ, गॉगल, फेटा आणि खाली बुलेट, हा फोटो प्रत्येकाकडे असतो. आम्ही एकदा सगळ्यांचे फोटो टेबलावर शेजारी शेजारी मांडले. कुठला कुणाचा ते ओळखू येईना. एकाने तर दुसऱ्याचाच फोटो आपला म्हणून उचलला. त्या ढिगात वेगळा निघाला तो एका मुलीने काढलेला: गल्लीच्या तोंडाशी एक बाई तोंडात पिना धरून दुसरीचा फेटा बसवतेय, आणि फेटेवाली त्याच वेळी वडापाव खातेय. फोकस किंचित मागे सरकलेला होता. तरीही तोच पहिला, यावर कुणाचं दुमत झालं नाही. दहा जणांनी एकाच ठिकाणी काढलेले फोटो शेजारी ठेवले की निम्मी टीका न बोलता होते.

आता ग्रुपचं. शंभर-दोनशे जणांच्या ग्रुपवर टीका होत नाही, तिथे शुभेच्छा देतात. चौघं-पाच जणं निवडा. त्यात एक तुमच्याहून बरा फोटो काढणारा असावा आणि एक अजिबात न काढणारा. 'कुठली लेन्स?' एवढंच विचारणाऱ्याला प्रेमाने लांब ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि मग 'शार्पनेस कमी वाटतो' या शेऱ्याला अर्थ राहत नाही. माझं ऐकाल तर महिन्यातून एकदा थोडे प्रिंट काढून एकत्र बसा. स्क्रीनवर बोट सरकतं, प्रिंटवर डोळा थांबतो.

आणि 'कसा वाटला?' असं विचारू नका. या प्रश्नाला 'छान' हेच उत्तर असतं. 'होडीवाला आधी दिसतो की मागचा होर्डिंगचा दिवा?' असं विचारा. मग माणूस नीट बघतो.

दुसऱ्याच्या फोटोवर बोलताना आमच्यात एक शिस्त आहे: आधी दिसलं ते सांगायचं, मग आवडलं-नावडलं. 'माझी नजर उजवीकडच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर जाते आणि तिथेच अडकते' हे वाक्य 'कंपोझिशन कमजोर आहे' याच्या दसपट उपयोगी. फोटो काढणाऱ्याने तोवर गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड आहे, कारण 'अहो, तिथे मागे सरकायला जागाच नव्हती' हे ओठांवर आलेलं असतं. नसेल जागा. बघणाऱ्याला ती जागा दिसत नाही, पिशवी दिसते.

चूक आणि आवड यांची गल्लत मात्र करू नका. तलावाचं पाणी एका बाजूला कललेलं, फोकस डोळ्याऐवजी कानावर, पांढऱ्या सदऱ्यातला तपशील जळून कोरा कागद झालेला, या चुका. त्या बिनधास्त सांगा. रंगीत की कृष्णधवल, चौकोनी क्रॉप की लांबट, ही आवड. तिथे 'मी असतो तर' म्हणून सांगा आणि सोडून द्या. दुसऱ्याचा फोटो न विचारता एडिट करून 'हा बघ, असा हवा होता' म्हणून परत पाठवणारे महाभाग असतात. त्यांचं एडिट बरोबर असलं तरी मला ते आवडत नाही.

कारण कळलं तर टीका कामाची होते. लडाखच्या वाइड फोटोंमध्ये आकाश एका कोपऱ्यात काळपट आणि दुसरीकडे फिकं आलंय का, बघा. पोलरायझर (लेन्सवर लावायचा, आकाश गडद करणारा फिल्टर) लावला असेल तर ते त्याचंच काम. सूर्यापासून साधारण नव्वद अंशांवरच्या आकाशात त्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो, आणि वाइड लेन्समध्ये आकाशाचा इतका मोठा तुकडा मावतो की सगळीकडे तो सारखा पडत नाही. स्टेशनवरच्या किंवा वाशीच्या एपीएमसी मार्केटातल्या फोटोंवर आडवे काळे-पिवळसर पट्टे दिसले तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होत असतात. सायलेंट (बिनआवाजाचं, इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करा आणि शटर स्पीड 1/100 किंवा 1/50 ठेवून बघा, बहुतेक वेळा पट्टे जातात.

रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) फोटोही तुम्ही आज ना उद्या काढालच. ठाणे खाडीतलं अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, 2022 मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलं, आणि हिवाळा सुरू झाला की प्रत्येक ग्रुपवर गुलाबी थवे उतरतात. पँगाँगसारखीच गत: दाद पक्ष्यांना. तांत्रिक चूक बहुतेकांची एकच, पांढरट-गुलाबी पक्षी राखाडी येतात. कॅमेरा समोरचं सगळं मधल्या करड्या छटेला आणायला बघतो, म्हणून पक्षी फ्रेमभर असतील तर एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावं लागतं. भरतीची वेळही पाहून जा. ओहोटीला ते खाडीच्या चिखलावर लांब पांगलेले असतात; भरतीला चिखल पाण्याखाली गेला की नेरूळ-सीवूड्सच्या उथळ पाणथळींवर येऊन उभे राहतात, आणि तिथे काठावरूनही बरं अंतर मिळतं. उडत्या थव्याचा फोटो आला की आम्ही आधी विचारतो, 'आपणहून उडाले की उडवले?' उडवले असतील तर पुढे एक्स्पोजरवर बोलत नाही. हा नियम काहींना जाचक वाटतो. वाटू दे.

एक टीकाकार लोक नेहमी विसरतात: ज्याचा फोटो काढला तो. दिवाळे गावात सकाळी मासळी विकणाऱ्या एका मावशींना विचारून मी त्यांचा फोटो घेतला होता, पुढच्या फेरीत प्रिंट नेऊन दिला. ग्रुपमध्ये त्या फोटोचं कौतुक झालं होतं: पाटीवरचं ऊन, खवल्यांची चमक वगैरे. मावशींनी तो हात लांब करून बघितला आणि म्हणाल्या, "मासळी झकास आलीये रे बाबा. पण यात मी कुठे आहे?" बरोबर होतं. ऊन पाठीमागून, चेहरा अंधारात. तुमच्या स्टेशनच्या फोटोंत कुणी बूटपॉलिशवाला, फुलवाली असेल तर त्यांनाही दाखवून या. प्रिंट मात्र घेऊन जा, मोबाइलवर नको. तो त्यांच्याकडेच राहतो आणि पुढच्या वेळी फोटो काढायला ही माणसं स्वतःहून उजेडाकडे तोंड करून बसतात.