असिस्टंट म्हणून जा

बाळा,

तुझा मेसेज वाचून चिडलो होतो, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. गुडघा आता साथ देत नाही. आइस हॉकीच्या तिसऱ्या पातळीच्या ईसीएचएल लीगमधून ट्रायआउटवर एक पायरी वरच्या एएचएलला जायचं आणि पुन्हा बॅग उचलून परत यायचं, याला तू कंटाळलायस. ते तुझं तुला कळलंय, त्यात मी पडत नाही. पण तुझाच संघ तुला असिस्टंट कोच म्हणून ठेवायला तयार आहे, एक ज्युनिअर संघ हेड कोच म्हणून बोलावतोय, आणि तू मला विचारतोस, "काका, असिस्टंट म्हणजे खाली उतरणं नाही का?"

आहे. उतर.

एनएचएल या सगळ्यात वरच्या लीगमध्ये कोलोरॅडोला जिंकून देणारा कोच जॅरेड बेडनार कोण हे तुला सांगायला नको, पण त्याची कारकीर्द तू शेवटाकडूनच वाचलेली दिसते. सॅस्कॅचवनमधल्या यॉर्कटनचा डिफेन्समन. ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला कुणी घेतलं नाही, एनएचएलचा एक सामनासुद्धा वाट्याला आला नाही. हंटिंग्टन, सेंट जॉन्स, रोचेस्टर, आणि फिरून फिरून साउथ कॅरोलायना स्टिंगरेज. तिथे 1997 आणि 2001 मध्ये खेळाडू म्हणून ईसीएचएलचा केली कप जिंकला. 2002 मध्ये खेळणं थांबवलं आणि त्याच बेंचमागे असिस्टंट म्हणून उभा राहिला, पाच सीझन. 2007 मध्ये हेड कोच झाला, 2009 मध्ये पुन्हा केली कप.

आता कप जिंकलेला हा हेड कोच पुढे काय करतो? एएचएलमध्ये ॲबट्सफर्डला जाऊन असिस्टंट होतो! मग पियोरियात असिस्टंट, तिथेच हेड, आणि त्यानंतर स्प्रिंगफील्डला पुन्हा असिस्टंट. दोनदा हेड होऊन दोनदा दुसऱ्याच्या हाताखाली. तुला एकदा जायचंय, तेही अजून हेड न होता, आणि तुझा चेहरा पडलाय.

2016 मध्ये त्याने लेक एरी मॉन्स्टर्सला एएचएलचा कॉल्डर कप मिळवून दिला. त्याच ऑगस्टमध्ये कोलोरॅडोचा हेड कोच, एकेकाळचा नामांकित गोलकीपर पॅट्रिक रॉय याने अचानक राजीनामा दिला आणि कोलोरॅडोने बेडनारला घेतलं. रॉयसारख्या गोलकीपरच्या जागी एनएचएल न खेळलेला माणूस! पहिल्या सीझनला 82 सामन्यांत 22 विजय, 48 गुण, अख्ख्या लीगमध्ये तळाला. पुढच्याच सीझनला 95 गुण. 2022 मध्ये एनएचएलचा स्टॅनली कप. त्या फायनलमध्ये समोरच्या बेंचमागे टँपा बेचा जॉन कूपर होता, मूळचा वकील, तोही एनएचएल कधी न खेळलेला. स्टॅनली कपच्या फायनलमध्ये दोन्हीकडे असे कोच, आणि तू पाटीवर काय लिहिणार याची काळजी करतोस.

असिस्टंटच्या हातात काय असतं ते बघ. डिफेन्सच्या जोड्या, पेनल्टी किल (शिक्षेमुळे आपला खेळाडू कमी असताना गोल वाचवणं), रात्री बसमध्ये बर्फावरच्या एकेका शिफ्टचे व्हिडिओ कापणं. लाइनअपमधून वगळलेला पोरगा हेडच्या खोलीत जात नाही, तुझ्याजवळ येतो. आणि हेडचे निर्णय फसतात तेव्हा ते तुला जवळून दिसतात, नोकरी मात्र त्याची जाते. एवढं शिक्षण आणखी कुठे मिळणार? ज्युनिअरमध्ये हेड होशील तर पालकांचे फोन, पोरांचे शाळेतले मार्क आणि पोरं ज्यांच्याकडे राहतात त्या बिलेट घरांची भांडणं मिटवण्यातच सीझन संपेल. वाईट काम नाही ते. पण आज ते तुझं नाही.

घरच्यांना 'हेड' ऐकायला बरं वाटतं, हे मी जाणतो. मी ओंटारियोत एका संघाचा हेड होतो, तो सोडून वरच्या लीगमध्ये माझ्याहून बऱ्याच लहान माणसाचा असिस्टंट झालो. डोंबिवलीहून मामांनी फोन करून विचारलं, "डिमोशन झालं का रे?" नंतर मला वरून कधी बोलावणं आलं नाही, तू मनात हेच म्हणत असशील. म्हण. माझं पुढे काही झालं नाही म्हणून माझं म्हणणं खोटं ठरत नाही. ज्या पोरांना मी गॅप कंट्रोल, म्हणजे समोरच्या खेळाडूपासून योग्य अंतर राखणं, शिकवला ती वर जाऊन खेळली, आणि ते हेडच्या खुर्चीत बसून मला जमलं नसतं. तिथे वेळच नसतो. घर हलवताना तुझ्या काकूची नोकरी गेली, त्याचं मात्र मला आजही वाईट वाटतं. त्यावरून मला बोलायचा हक्क तिचा, मामांचा नाही.

तेव्हा असिस्टंट म्हणून जा. पगार कमी आहे, तर उन्हाळ्यात हॉकी स्कूल घे, मी दोन-तीन ठिकाणी शब्द टाकतो. आजीला मी समजावतो, तिला तसंही तू अजून कॉलेजात आहेस असंच वाटतं.

फक्त सही करण्याआधी हेड कोचला एक विचार: पेनल्टी किल माझ्याकडे देणार का? हो म्हणाला तर त्याच दिवशी सही कर. स्वतःकडे ठेवणार असेल आणि तुला नुसतं सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडायला आणि पक (हॉकीच्या चकत्या) गोळा करायला घेत असेल, तर आधी मला फोन कर.

तुझा,
काका