वाचकांचे प्रश्न : रोमानियन भाषेतला ‘माणूस’

प्रश्न : इंग्रजी-रोमानियन शब्दकोशात ‘मॅन’ या एका शब्दापुढे ‘ओम’ आणि ‘बर्बात’ असे दोन शब्द दिले आहेत. कोणता कधी वापरायचा?

उत्तर : इंग्रजी शब्द क्षणभर बाजूला ठेवा आणि मराठीत विचार करा. ‘ओम’ म्हणजे माणूस, ‘बर्बात’ म्हणजे पुरुष. आपण ‘माणूस मर्त्य आहे’ म्हणतो, ‘पुरुष मर्त्य आहे’ म्हणत नाही. रोमानियनमध्येही तिथे ‘ओम’च येतो. ‘ओम’ हा लॅटिन ‘होमो’पासून आला, तर ‘बर्बात’ हा ‘बार्बातुस’पासून, म्हणजे ‘दाढीवाला’. व्युत्पत्ती लक्षात ठेवली की गल्लत होत नाही. स्वच्छतागृहाच्या दारावर, कपड्यांच्या दुकानात, स्त्री-पुरुष असा भेद सांगायचा असेल तिथे ‘बर्बात’. चांगला माणूस, बर्फाचा माणूस, उद्योजक, शास्त्रज्ञ या सगळ्यांना ‘ओम’. एखाद्या बाईबद्दल ‘ती चांगला माणूस आहे’ असे आपण कौतुकाने म्हणतो, तसे तिथेही ‘उन ओम बुन’ म्हणतात आणि कुणाला खटकत नाही.

नवशिक्यांची मोठी चूक उपपदाची, म्हणजे इंग्रजीतल्या ‘द’सारख्या शब्दाची, असते. रोमानियन भाषेत निश्चित उपपद शब्दाच्या शेपटीला चिकटते : ‘ओम’ माणूस, ‘ओमुल’ तो ठरावीक माणूस. पण ‘माणूस मर्त्य आहे’ अशा सर्वसाधारण विधानातही ‘ओमुल’च लागते. इंग्रजीत तिथे उपपद नसते, म्हणून इंग्रजीवरून उतरवणारे ते गाळतात आणि वाक्य पांगळे होते. ‘मानवी हक्क’ हा शब्द पाहा : ‘द्रेप्तुरिले ओमुलुय’, शब्दशः ‘माणसाचे हक्क’. इथे ‘मानवी’ या विशेषणासाठी ‘उमान’ शोधत बसू नका. ‘ह्यूमन बीइंग’ला मात्र ‘फिइंत्सं उमानं’ बरोबर आहे. तेवढ्या जागी ते विशेषण हवेच.

अनेकवचन अनियमित आहे : ‘वामेनि’. शेवटचा ‘इ’ जेमतेम ऐकू येतो, ‘वामेन्य’ म्हणता म्हणता थांबल्यासारखा. उच्चाराच्या बाबतीत मराठी माणसाकडे तयारीच असते. शेवटचा पडका ‘अ’ आपण ‘केलं’, ‘गेलं’मध्ये रोज उच्चारतो, म्हणून या सदरात तो अनुस्वाराने दाखवला आहे : ‘फातं’ म्हणजे मुलगी, ‘फाता’ म्हणजे ती मुलगी. आणि ‘त्स’ हा ‘चमचा’तला च.

प्रश्न : ‘पीपल’ला तीन शब्द मिळाले : ‘वामेनि’, ‘लुमे’, ‘पोपोर’. तिन्ही सारखेच का?

उत्तर : अजिबात नाहीत. ‘वामेनि’ म्हणजे मोजता येणारी माणसे. ‘पोपोर’ म्हणजे राष्ट्र या अर्थी जनता. बसथांब्यावर उभ्या असलेल्या लोकांना ‘पोपोर’ म्हणाल तर ऐकणारा चक्रावेल. खरी गंमत ‘लुमे’त आहे. त्याचा पहिला अर्थ ‘जग’ आणि दुसरा ‘लोक’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे विचित्र वाटते, आपल्याला वाटू नये : आपला ‘लोक’सुद्धा इहलोक, परलोक, तिन्ही लोक यांतला आणि ‘लोक काय म्हणतील’मधलाही. ‘मुल्तं लुमे’ म्हणजे बरेच लोक, ‘त्वातं लुम्या’ म्हणजे सगळे जण. फरक एवढाच की आपला ‘लोक’ अनेकवचनी क्रियापद घेतो आणि तिथला ‘लुमे’ एकवचनी. ‘सगळ्यांना माहीत आहे’ हे ‘त्वातं लुम्या श्तिए’ असे होते. ‘सगळे जग जाणते’ म्हणून पाहा, एकवचन आपोआप येईल.

प्रश्न : अर्जावर ‘पर्सन’साठी ‘पेर्स्वानं’ लिहिले. अर्जदार पुरुष आहे, तरी विशेषण स्त्रीलिंगी का ठेवायचे?

उत्तर : आपण ‘हरवलेली व्यक्ती’ म्हणतो, मग ती चाळीस वर्षांचा पुरुष का असेना. ‘पेर्स्वानं’ हूबेहूब आपल्या ‘व्यक्ती’सारखा आहे, कायम स्त्रीलिंगी. ‘पेर्स्वाना दिस्परुतं’ म्हणजे बेपत्ता व्यक्ती. इथे पुल्लिंगी ‘दिस्परुत’ चालत नाही. मजकुरात पुढे त्या पुरुषाचे नाव आले की तिथून विशेषणे पुल्लिंगी करा, आधी नको. कायद्याच्या कागदात ‘पेर्स्वानं फिझिकं’ दिसले तर ‘शारीरिक व्यक्ती’ असे भाषांतर करू नका. तो नैसर्गिक व्यक्तीसाठीचा शब्द आहे, म्हणजे संस्था वा कंपनी नसलेला हाडामांसाचा माणूस.

‘इंडिव्हिज्युअल’साठी ‘इंदिविद’ लिहिण्याचा मोह टाळा. त्या शब्दाला ‘तो कोण इसम’ अशी संशयाची छटा आहे. सन्मानाने बोलायचे तर पुन्हा ‘पेर्स्वानं’च. म्हाताऱ्या माणसांसाठीही तोच आधार : ‘बत्रिन’ हा ‘म्हातारा’इतका थेट पडतो, ‘वयस्क व्यक्ती’ अशी रचना सभ्य ठरते.

प्रश्न : ‘नेपोत’ म्हणजे नातू की पुतण्या? शब्दकोशात दोन्ही दिले आहेत. चूक तर नाही ना?

उत्तर : चूक नाही. नातू, पुतण्या आणि भाचा या तिघांनाही ‘नेपोत’; नात, पुतणी, भाची यांना ‘नेप्वातं’. संदर्भाने न कळल्यास ‘नेपोत दे फ्राते’ म्हणजे भावाचा मुलगा, ‘नेपोत दे सोरं’ म्हणजे बहिणीचा मुलगा असे फोडून सांगतात. भाषांतर करताना घराण्याचा तक्ता शेजारी काढून ठेवा. त्यावाचून एका वाक्यात आजोबांचा नातू आणि दुसऱ्या वाक्यात काकांचा पुतण्या एकच होऊन बसतो.

बाकी नात्यांतही मराठी अधिक बारकाईने बोलते. काका आणि मामा दोघेही ‘उंक्य’. आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्या ‘मतुशं’. दीर आणि मेहुणा ‘कुम्नात’, नणंद, वहिनी, मेहुणी ‘कुम्नातं’. म्हणून रोमानियनमधून मराठीत येताना नेमके नाते ठरवण्याचे काम भाषांतरकारावरच पडते आणि मूळ मजकुरात खूण नसेल तर लेखकाला विचारण्यावाचून इलाज नसतो. ‘फ्रात्सि’ हा शब्द तर विशेष जपून वाचा. शब्दशः तो ‘भाऊ’चे अनेकवचन आहे, पण एक भाऊ आणि एक बहीण मिळूनही ‘फ्रात्सि’च. ‘तुला फ्रात्सि आहेत का’ म्हणजे भावंडे आहेत का. उत्तरात चार बहिणी निघू शकतात.

एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषा इंग्रजीच्या पुढे आहेत. मुलाच्या किंवा मुलीच्या सासऱ्याला आपण ‘व्याही’ म्हणतो, रोमानियन ‘कुस्क्रु’ म्हणतात. विहीण ती ‘कुस्क्रं’. रोजच्या इंग्रजीत या नात्याला सुटसुटीत शब्द नाही. इंग्रजी मजकुरात ‘माझ्या मुलीच्या सासूबाई’ अशी लांबण असेल तर ती तशीच रोमानियनमध्ये नेऊ नका. ‘कुस्क्रं’ लिहा, वाचणाऱ्याला आपल्या घरातला शब्द भेटेल. सासरा ‘सोक्रु’, सासू ‘स्वाक्रं’, जावई ‘जिनेरे’, सून ‘नोरं’ हे चार शब्द सोबत पाठ करा.

प्रश्न : माणसे मोजताना मध्येच ‘दे’ कुठून येतो?

उत्तर : 1 ते 19पर्यंत ‘दे’ नाही, 20पासून आहे. ‘दोय वामेनि’ दोन माणसे, ‘दोवंझेचि दे वामेनि’ वीस माणसे. शंभराच्या पुढे शेवटचे दोन अंक पाहा : ते 01 ते 19 असतील तर ‘दे’ गळतो, 00 किंवा 20 ते 99 असतील तर येतो. म्हणजे 105 माणसांना ‘दे’ नाही, 125ना आहे. शिवाय ‘दोन’ला लिंग आहे : पुरुषांना ‘दोय’, स्त्रियांना ‘दोवं’. 12 आणि 22 मध्येही तो फरक राहतो. ‘पेर्स्वानं’ स्त्रीलिंगी असल्याने दोन पुरुषांसाठी आरक्षण करतानाही ‘दोवं पेर्स्वाने’.

लिहिताना ‘कोपिल’ (मूल) या शब्दाचे भान ठेवा. ‘मुले’ लिहिताना शेवटी दोन ‘आय’, ‘ती मुले’ लिहिताना तीन. तिसरा गळणे ही शिकलेल्यांकडूनही होणारी चूक आहे.

प्रश्न : ‘मी मुलीला पाहतो’ यात ‘पे’ का लागतो?

उत्तर : आपण ‘मी झाड पाहतो’ म्हणतो, पण ‘मी मुलीला पाहतो’. ठरावीक माणूस कर्म झाला की आपण ‘ला’ लावतो, ते ‘पे’ लावतात. शिवाय क्रियापदाआधी सर्वनाम येते : ‘ओ वद पे फातं’. इथे अर्थ ‘त्या मुलीला’ असूनही शब्द ‘फातं’ आहे, कारण ‘पे’नंतर एकट्या नामाचे उपपद गळते. नामाला ‘अचेया’ (ती) असे विशेषण जोडले की ते परत येते : ‘ओ वद पे फाता अचेया’.

प्रश्न : अनोळखी माणसाला हाक कशी मारायची?

उत्तर : ‘तू’ तिथेही ‘तू’च आहे. आदरार्थी ‘दुम्न्यावास्त्रं’, आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ दोन्हींच्या जागी. मधला ‘दुम्न्याता’ अनोळखी माणसाला वापरू नका, तो वरून बोलल्यासारखा लागू शकतो. ‘दुम्न्यावास्त्रं’सोबत क्रियापद अनेकवचनी, पण विशेषण एकवचनी आणि समोरच्याच्या लिंगाप्रमाणे. तिसऱ्या माणसाबद्दल आदराने बोलताना ‘दुम्न्यालुय’ (ते) किंवा ‘दुम्न्यायेय’ (त्या) म्हणतात, मात्र इथे क्रियापद एकवचनी राहते. ‘ते आहेत’ची सवय असलेला मराठी माणूस हमखास इथे अनेकवचन लावतो.

पुरुषाला समोरासमोर ‘दोम्नुले’, त्याच्याबद्दल बोलताना ‘दोम्नुल’. बाईंना ‘द्वाम्नं’. शेवटचा स्वर नीट उच्चारा : ‘द्वाम्ने’ झाले की ती हाक बाईंना न जाता ‘अरे देवा’ असा उद्गार होतो.