पीसीएम १३१ म्हणताय ना? मग सीईटीच्या निकालाची वाट बघत बसू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलाची सीईटी (इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) मस्त गेलीय, क्लासवाले ९४-९५ पर्सेंटाइल येतील म्हणतात, बारावी बोर्डाचा निकाल परवा लागला त्यात पीसीएमला, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सला मिळून, ३०० पैकी १३१, कॅटेगरी ओपन, आणि कॉलेजच्या ऑफिसात सांगितलं "पास झालाय ना, आता बारावीला कोण विचारतंय". हे शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला, कारण मला २०२२ ला अगदी हेच ऐकवलं होतं, शब्दसुद्धा तेच.

मेरिट सीईटीवर लागतं हे खरंच आहे. पण इंजिनिअरिंगच्या दारात उभं राहायलाच ओपनला पीसीएममध्ये ४५ टक्के लागतात, म्हणजे ३०० पैकी १३५. मागासवर्गीयांना ४०, म्हणजे १२०. मॅनेजमेंट कोट्यातनं घेऊ म्हणाल तर तिथंही हीच अट, डोनेशनवाला एजंट काहीही सांगू दे.

माझं म्हणाल तर फिजिक्स ४४, केमिस्ट्री ५१, मॅथ्स ३८. एकूण १३३. आमची बॅच कोरोनानंतरची, सेंटर आपल्याच कॉलेजला, अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी, तरी ही गत, कारण दोन वर्षं नाव एका गावातल्या ज्युनिअर कॉलेजला आणि मी सांगलीत क्लासला, बोर्डाचा पेपर कसा लिहायचा हे कुणी शिकवलंच नाही नि मी विचारलं पण नाही. ती चूक माझीच. पण खरा घोळ निकालानंतर झाला.

मॅथ्समध्ये नक्की जास्त यायला पाहिजे होते म्हणून मी ऑफिसात गेलो, म्हटलं पेपर परत तपासून घ्यायचाय. तिथल्या माणसाने मान वर न करता सांगितलं "गुणपडताळणीचा अर्ज कर, तेच रिचेकिंग". केला. पंधरा-वीस दिवसांनी उत्तर आलं, गुणांत बदल नाही. मला वाटलं विषय संपला. नंतर कळलं की गुणपडताळणीत फक्त बेरीज बरोबर आहे का आणि एखादा प्रश्न तपासायचा राहिलाय का एवढंच बघतात, दिलेल्या मार्कांना कुणी हात लावत नाही. उत्तर खरोखर परत तपासून हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, ती विषयाच्या सरांना दाखवायची आणि छायाप्रत मिळाल्यापासून पाच कामाच्या दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज टाकायचा. छायाप्रतीशिवाय पुनर्मूल्यांकन नाही. हे मला कळलं तोवर मुदत कधीच गेली होती.

त्या वर्षी सीईटीचा निकाल सप्टेंबरात लागला. ९६ पर्सेंटाइल! आबांनी गल्लीत पेढे वाटले, माझ्या डोक्यात सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग नाही तर गेला बाजार कराडचं गव्हर्नमेंट. मग ॲडमिशनचे कागद तपासून घ्यायला सांगलीला एका सेंटरवर गेलो. तिथल्या सरांनी कॅल्क्युलेटरवर १३३ भागिले ३०० केलं आणि तो तसाच आबांकडे फिरवला. ४४.३३. आबा तासगावला बेदाण्याच्या सौद्यात उभी हयात काढलेला माणूस, त्यांना वाटलं इथंपण काहीतरी खाली-वर होत असेल. हळूच विचारलं, "सर, दोनच मार्काचा प्रश्न हाय, बसवता येत नाही का?" सर वाईट नव्हते, पण नाही म्हणाले. येताना एसटीत आबा एक शब्द बोलले नाहीत.

पुढं एक वर्ष ड्रॉप, परत बोर्ड, परत सीईटी, कारण सीईटीचा स्कोअर त्याच वर्षापुरता असतो. बोर्डाला १८० पडले आणि सीईटीला ८८ आले. हसा आता. साधंसं कॉलेज मिळालं, बरं चाललंय, पण ते ९६ आजही डोक्यातून जात नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत, आज-उद्या बोर्डाच्या साइटवर ज्या विषयात शंका आहे त्याच्या छायाप्रतीचा अर्ज टाका. फी विषयाला ४००, पुनर्मूल्यांकनाला वेगळे ३००, असं माझ्या माहितीत आहे, यंदाचं परिपत्रक बघून घ्या. चार मार्क वाढतीलच असं मी म्हणत नाही, मी काही काउन्सेलर नाही, एक पोळलेला पोरगा आहे. आणि ऑफिसवाल्यांवर चिडू नका, त्यांच्याकडूनच कागद काढायचेत. मी चिडलो होतो, मग टीसीला आठ दिवस लावले.

नाहीच वाढले तर बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला, माझा मित्र असाच गेला. एनआयटी वगैरे केंद्राची इंजिनिअरिंग कॉलेजं डोक्यात असतील तर तो विषय वेगळा, तिथं बारावीला ७५ टक्के नाहीतर बोर्डात टॉप २० पर्सेंटाइल लागतं. मेडिकलचं विचारलंच आहे म्हणून, नीटला पण ओपनला पीसीबीमध्ये (मॅथ्सऐवजी बायोलॉजी) ५० टक्के हवेतच.

अजून एक, घरात कुणाचा जातीचा दाखला निघतोय का बघा, १३१ म्हणजे १२० च्या वरच आहेत. पण मग जात पडताळणी आणि नॉन क्रिमीलेयरची धावपळ आत्ताच सुरू करा, जुलैत तहसीलला पाय ठेवायला जागा नसते. छायाप्रत हातात आली की मॅथ्सचं पहिलं पान तरी इथं टाका, नाव नि सीट नंबर झाकून, इथं दोन-तीन सर आहेत ते बघतील.