संगणक-संवाद : न मागितलेल्या जाहिरातींचा बंदोबस्त

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. आठवणी लिहिण्यासाठी मराठी टंकलेखनाचा एक मोफत प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवून घेतला. टंकलेखन काही जमले नाही, पण तेव्हापासून क्रोम उघडले की गूगलऐवजी भलतेच शोधपान समोर येते, कोणत्याही संकेतस्थळावर जाहिरातींच्या चौकटी उघडतात आणि लॅपटॉपही मंदावला आहे. दुरुस्तीच्या दुकानात ‘फॉरमॅट करावे लागेल’ असे सांगितले. त्यात नातवंडांचे फोटो आणि माझे दोन वर्षांचे लेखन आहे. काय करावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : फॉरमॅट करण्याची घाई मुळीच करू नका. आपण वर्णन केलेली लक्षणे ‘ॲडवेअर’ची, म्हणजे जाहिराती दाखवून पैसे मिळवण्यासाठी संगणकात शिरवलेल्या प्रोग्रामची आहेत, आणि तो बहुतेक वेळा घरच्या घरी, एका दुपारच्या कामात काढता येतो. मात्र पहिली गोष्ट म्हणून आपले लेखन आणि फोटो पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून ठेवा. फक्त कागदपत्रे आणि चित्रे घ्या. उतरवून घेतलेले प्रोग्राम त्यात घेऊ नका.

हा पाहुणा घरात कसा आला, हे समजले की त्याला शोधणे सोपे जाते. मोफत प्रोग्राम वाटणाऱ्या अनेक संकेतस्थळांवर मूळ प्रोग्रामभोवती एक वेगळे वेष्टन घातलेले असते आणि त्यातून जोडप्रोग्राम बसवला गेला की वाटणाऱ्याला दर संगणकामागे मोबदला मिळतो. म्हणून ते वेष्टन अशा खुबीने रचलेले असते की ‘स्वीकारा’ हे बटण मोठे आणि हिरवे दिसते, तर ‘नको’ हा शब्द फिकट राखाडी अक्षरांत कोपऱ्यात असतो. शोधपान बदलण्यामागेही हाच हिशेब आहे: आपला शोध त्यांच्या पानावरून वळवून पुढे एखाद्या नामांकित शोधयंत्राकडे पाठवला की तेथील जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा त्यांना मिळतो. तेव्हा आपल्या हातून फार मोठी चूक झाली असे मनाला लावून घेऊ नका. नजर चुकावी म्हणूनच ती खिडकी तशी बनवलेली असते.

आता काढण्याचा क्रम. तो महत्त्वाचा आहे, कारण मूळ प्रोग्राम जागेवर ठेवून नुसते क्रोम स्वच्छ केले तर तो पुन्हा सारे बदलून ठेवतो. विंडोज 11 मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘ॲप्स’, मग ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ येथे जा आणि यादी तारखेनुसार लावून घ्या. विंडोज 10 मध्ये याच यादीला ‘ॲप्स अँड फीचर्स’ म्हणतात. आपण तो टंकलेखनाचा प्रोग्राम बसवला त्या दिवशी आणखी कोणकोण आले ते तेथे एका नजरेत दिसेल. एकाच दिवशी तीन-चार अनोळखी नावे दिसली, त्यांत एखादा ‘ऑप्टिमायझर’, एखादा ‘कूपन’ देणारा, एखादा स्वतःला ब्राउझर म्हणवणारा असला, तर तीच मंडळी. ती एकेक करून काढा. काढताना ‘खरेच जायचे का?’ असे विचारणाऱ्या खिडक्या येतील. त्यांतही बटणे उलटसुलट लावलेली असतात, म्हणून प्रत्येक ओळ वाचूनच दाबा. एखादे नाव संगणक बनवणाऱ्या कंपनीचे किंवा मायक्रोसॉफ्टचे वाटले तर त्याला हात लावू नका.

त्यानंतर क्रोममधील ‘एक्स्टेन्शन्स’ची, म्हणजे क्रोमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांची यादी उघडा आणि जे आपण स्वतः मागून घेतलेले आठवत नाही ते काढून टाका. मग ‘सेटिंग्ज’मध्ये ‘रीसेट’चा पर्याय वापरा, त्याने मुखपृष्ठ आणि शोधयंत्र पूर्ववत होते, पण जतन केलेले पासवर्ड आणि बुकमार्क जात नाहीत. क्रोमच्या मेनूमध्ये तळाशी ‘आपल्या संस्थेकडून व्यवस्थापित’ अशा अर्थाची ओळ दिसत असेल, तर घरच्या संगणकावर ती संशयास्पद समजावी. काही अँटिव्हायरसही ती ओळ आणतात, पण पुष्कळदा ॲडवेअरने आपला बदल कायम राहावा म्हणून कंपन्यांसाठी असलेल्या नियमांचा गैरवापर केलेला असतो.

एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. डेस्कटॉपवरील क्रोमच्या चित्रावर माऊसचे उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘टार्गेट’ या चौकटीतील मजकूर शेवटपर्यंत सरकवून पाहा. साधारणपणे तो क्रोम डॉट ई-एक्स-ई या शब्दांनी आणि त्यानंतरच्या अवतरणचिन्हाने संपतो. त्यापुढे एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला दिसला, तर क्रोम उघडताच ते पान का येत होते याचे उत्तर तेथेच आहे. तेवढा पत्ता पुसा आणि ‘ओके’ करा. खालच्या पट्टीवरील चित्र मात्र काढून नव्याने लावलेले बरे.

शेवटी तपासणी. विंडोजमधील डिफेंडरने पूर्ण तपासणी करा, आणि मग ‘ऑफलाइन स्कॅन’ हा पर्याय निवडा. त्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागे होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. जोडीला मालवेअरबाइट्स कंपनीचे ‘ॲडव्क्लीनर’ हे मोफत साधन वापरा. ते खास ॲडवेअरसाठीच बनवलेले आहे आणि मला ते वर्षानुवर्षे उपयोगी पडले आहे. पण ते कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या, कारण त्याच्या नावाने बनावट प्रतीही फिरतात.

इतके करूनही दुसऱ्या दिवशी तेच पान परत आले तर ‘सिंक’, म्हणजे एकाच गूगल खात्याच्या सर्व संगणकांवर क्रोम सारखे ठेवणारी सोय, तपासा. एका परिचितांचा संगणक मी दोनदा स्वच्छ केला आणि दोन्ही वेळा सकाळी ते एक्स्टेन्शन हजर! ते त्यांच्या कार्यालयातील संगणकावरही होते आणि एकाच गूगल खात्यामुळे रोज घरी पोहोचत होते. सिंक बंद करून दोन्हीकडून काढले, तेव्हा ते गेले.

आणि ज्यासाठी हे सारे घडले ते मराठी टंकलेखन आपल्या लॅपटॉपमध्ये आधीपासूनच आहे. गूगलचे जे मराठी टंकलेखनाचे साधन पूर्वी विंडोजवर बसवता येत असे ते गूगलने केव्हाच बंद केले, पण त्याचे नाव शोधणारे अजूनही असंख्य आहेत आणि तिऱ्हाईत संकेतस्थळे त्याच नावाचा गळ टाकून बसलेली असतात. विंडोज 10 च्या 2019 मधील मे महिन्याच्या अद्ययावत आवृत्तीपासून मराठीचा ‘फोनेटिक’ कळफलक विंडोजमध्येच मिळतो. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ येथे मराठी भाषा जोडा, तिच्या पर्यायांत ‘मराठी फोनेटिक’ निवडा, आणि विंडोजच्या चिन्हाची कळ व स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदला. रोमन अक्षरांत ‘नमस्कार’ लिहिले की पडद्यावर देवनागरी उमटते. आपले लेखन थांबू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रश्न : माझ्या संगणकाच्या उजव्या कोपऱ्यात ‘आपले संरक्षण संपले आहे’, ‘पाच व्हायरस सापडले’ असे संदेश दर काही मिनिटांनी येतात. अँटिव्हायरसने तीनदा तपासले, काहीच सापडत नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : सापडत नाही, कारण संगणकात बहुधा काही शिरलेलेच नाही. एखाद्या संकेतस्थळाने ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगितले असेल आणि आपण ते दाबले असेल. प्रत्यक्षात ती सूचना पाठवण्याची परवानगी होती. क्रोमच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ या वाटेने जा आणि परवानगी दिलेल्या यादीतून अनोळखी पत्ते काढून टाका. तेथेच ‘संकेतस्थळांना सूचना पाठवू देऊ नका’ हा पर्याय निवडला तर पुन्हा कोणी विचारणारही नाही. एज आणि फायरफॉक्समध्येही अशीच सोय आहे. त्या संदेशांवर मात्र एकदाही क्लिक करू नका.

प्रश्न : जाहिरातीवर चुकून क्लिक झाले आणि पूर्ण पडदाभर निळा इशारा आला, मोठ्या आवाजात ‘संगणक बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा’ असे ऐकू येऊ लागले. वडिलांनी घाबरून फोन केला आणि समोरच्याच्या सांगण्यावरून दुरून संगणक हाताळण्याचे ॲप बसवले. मी वेळेवर पोहोचलो. आता काय? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : इंटरनेट ताबडतोब तोडा, ते ॲप काढून टाका आणि वडिलांच्या बँकेचे व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी थांबवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. बँकेलाही त्याच वेळी कळवा. अनोळखी माणसाच्या हाती संगणक गेलाच असेल, तर फाइली उतरवून घेऊन विंडोज नव्याने बसवावे असे मी सुचवेन. सातारच्या वाचकांना फॉरमॅट नको म्हटले, पण येथे कोणी काय ठेवून गेले याची खात्री देता येत नाही.

तो इशारा म्हणजे निव्वळ एक वेबपान असते. ‘एस्केप’ची कळ दाबून धरावी, नाहीतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा; पुन्हा उघडताना ‘मागील पाने परत आणू का’ याला नकार द्यावा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन क्रमांक नसतो. हे एक वाक्य वडिलांना मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाजवळ लावून द्या. आणि त्यांना रागावू नका.

प्रश्न : ॲडवेअर म्हणजे केवळ कटकट, व्हायरस नव्हे, मग इतका बाऊ का करायचा? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : कारण जाहिरात दाखवण्यासाठी घेतलेले अधिकार जाहिरातीपुरते राहत नाहीत. 2014 च्या उत्तरार्धात लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ नावाचे ॲडवेअर कारखान्यातूनच बसवलेले होते. सुरक्षित संकेतस्थळांवरही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने संगणकात स्वतःचे ‘मूळ प्रमाणपत्र’ (संकेतस्थळ खरे असल्याची ब्राउझरला ग्वाही देणारा दाखला) बसवले होते आणि त्याची गुप्त किल्ली सर्व लॅपटॉपवर एकच होती. फेब्रुवारी 2015 मध्ये एका सुरक्षा संशोधकाने तिचा पासवर्ड फोडून दाखवला. म्हणजे त्यानंतर त्याच वायफायवर बसलेला कोणीही बनावट बँकेचे पान उभे करू शकला असता आणि ब्राउझरने कुलूपाचे चिन्ह निमूटपणे दाखवले असते. 2017 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी कंपनीशी तडजोड केली.

त्याच वर्षी जूनमध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’विषयी अहवाल दिला. मोफत प्रोग्रामांबरोबर येऊन शोधपान बदलणारा हा प्रकार, पण त्याच्याकडे संगणकावर हवा तो कोड चालवण्याची क्षमता होती. चेक पॉइंटच्या अंदाजाने असे बाधित संगणक जगभरात 25 कोटी आणि त्यांतले सर्वाधिक, 2 कोटी 53 लाख, भारतात होते. मायक्रोसॉफ्टने हे आकडे फुगवलेले असल्याचे म्हटले, तरी ती क्षमता होती हा मुद्दा त्याने पुसला जात नाही. आपण अभियांत्रिकी शिकत आहात, म्हणून आग्रहाने सांगतो: प्रोग्राम आज काय करतो यापेक्षा त्याला काय करण्याची मुभा आहे, याकडे पाहण्याची सवय लावा.

प्रश्न : नववीतला मुलगा खेळांचे ‘क्रॅक’ (पैसे न देता खेळ चालावा म्हणून फोडलेल्या प्रती) उतरवतो आणि दर महिन्याला संगणक जाहिरातींनी भरतो. कायमचा उपाय आहे का? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : विंडोजच्या सुरक्षा विभागात ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’ येथे नको असलेल्या ॲप्सना अडवण्याची सोय आहे, तिच्यातील ‘ॲप्स’ आणि ‘डाउनलोड्स’ हे दोन्ही पर्याय चालू करा. एक चांगला जाहिरातरोधकही बसवा, कारण खोटी डाउनलोड बटणे ही जाहिरातीच असतात. क्रोमसाठी ‘युब्लॉक ओरिजिन लाइट’ पुरेसा आहे.

पण क्रॅकच्या बाबतीत ही साधने अपुरी पडतात, कारण ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही त्या फाइलींबरोबर येणारी नेहमीची सूचना असते आणि मुले ती पाळतात. त्यांतून पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही येतात, हे मुलाला त्याच्याच खेळाच्या खात्याचे उदाहरण देऊन सांगा. मोफत खेळ हवेत तर स्टीमसारख्या अधिकृत दुकानांत ते भरपूर आहेत.

संगणकावर मुलासाठी वेगळे ‘स्टँडर्ड’ खाते उघडा आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चा पासवर्ड स्वतःकडे ठेवा. काही ॲडवेअर त्या खात्यापुरतेही बसू शकते, पण मग ते काढायला फार कष्ट पडत नाहीत आणि घरातील इतरांची खाती सुरक्षित राहतात. नवे काही बसवताना विंडोज आपला पासवर्ड मागेल, तेव्हा मुलाच्या शेजारी बसा, त्या खिडकीतील प्रकाशकाचे नाव त्यालाच वाचायला लावा, आणि तेथे ‘अननोन’ असे दिसले तर ‘नो’ त्यालाच दाबू द्या.